गिरणाकाठी समुद्र : लाटांच्या हौदाच्या नोंदी

१० नोव्हेंबर

नववीच्या भूगोलात सागरी लाटांचं कार्य येतं. फळ्यावर पुळण काढतो, वाळूचा दांडा काढतो, समुद्रकडा काढतो. पोरं वहीत उतरवून घेतात, पेपरात लिहितात, मार्क पडतात. पण शाळा गिरणेच्या काठावरची, जळगाव जिल्ह्यातली. वर्गातल्या निम्म्या पोरांचा कोणी ना कोणी काका-मामा सुरतेला, उधना नाहीतर लिंबायतला राहतो. त्यामुळे त्यांचा समुद्र म्हणजे मोबाइलमधला डुमसचा फोटो, तोही ओहोटीचा, पाणी पार लांब गेलेलं. किनारा मागे सरकतो म्हणजे काय होतं, ते फोटोत दिसत नाही.

म्हणून हौद करायचा ठरवला. लांबी १२ फूट, रुंदी ६ फूट, पाणी वीतभर सुद्धा नाही. एका टोकाला लाटा उठवणारी फळी, दुसऱ्या टोकाला वाळूचा उतार. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं. बंदर किंवा बंधारा बांधण्याआधी तिथे मोठमोठ्या हौदांत त्याची छोटी प्रतिकृती लाटांखाली घालून बघतात. तीच कल्पना, फक्त खिचडीच्या शेडमागे आणि लोकांकडून मागून आणलेल्या सामानात. कोणाला आपल्या शाळेत करायचं असेल त्यांच्यासाठी या नोंदी ठेवतोय. पुस्तकातल्या आकृत्या इथे परत काढत नाही.

१३ नोव्हेंबर

जागा साफ केली. विटा एका बांधकामावरून उसन्या आणल्या. सिमेंट वापरलं नाही, विटा नुसत्या रचल्या, आडव्या तीन थर. काम झालं की परत द्यायच्या आहेत.

आत अंथरायला शेततळ्याचा कागद, ५०० मायक्रॉनचा. आमच्या भागात शेततळी इतकी झालीत की उरलेला तुकडा कोणाकडेही मिळतो. एका पालकाने फुकट दिला. ताडपत्री घेऊ नका, ती घड्यांवर झिरपते.

१५ नोव्हेंबर

पाणी भरलं. संध्याकाळपर्यंत एका कोपऱ्यातली माती ओली. कागद उचलून बघितला तर बाभळीचा काटा. जागा झाडून घेतली होती, पण काटा मातीत उभा रुतलेला होता.

पंक्चरचं सोल्युशन आणि ट्यूबचा तुकडा लावून पाहिला. दोन तासांत पापुद्र्यासारखा सुटला. सिलिकॉन लावलं, तेही सुटलं. हा कागद पॉलिथिनचा असतो, त्याला कोणताच गोंद धरत नाही. शेवटी शेततळ्याचं काम करणारा पोरगा गरम हवेची गन घेऊन आला आणि त्याच कागदाचा तुकडा वितळवून बसवला. ३०० रुपये. हे आधी कळलं असतं तर सोल्युशनवर दुपार घालवली नसती. आता कागदाखाली जुन्या सिमेंटच्या गोण्या अंथरल्या आहेत. काट्यावर हाच इलाज.

१९ नोव्हेंबर

वाळू. आमच्याकडे वाळूचा विषय काढला की लोक आधी इकडेतिकडे बघतात. नदीतून पोतं भरून आणणं सोपं होतं, पण शाळेच्या नावावर ते नको. एका घराच्या बांधकामावर उरलेला ढीग होता, त्यातून आठ-दहा घनफूट विकत घेतली. ट्रॉलीसकट ९०० रुपये. गिरणेचीच वाळू, चांगली खरबरीत. स्लॅबच्या कामाची.

सगळा उतार वाळूचा केला तर दुप्पट वाळू लागते. म्हणून खाली मुरूम चोपून उतार केला, त्यावर कागदाचा तुकडा, त्यावर चार बोटं वाळू. उतार दहा फुटांना एक फूट. दोरी आणि पाण्याच्या नळीने लेव्हल काढली.

२६ नोव्हेंबर

लाटा उठवायची फळी. वॉटरप्रूफ प्लायचा तुकडा ७०० रुपयांना. जुन्या जीपच्या वायपरची मोटर भंगारातून ६००. बारा व्होल्टची असते आणि साधारण मिनिटाला ४५ ते ६५ फेरे देते, म्हणजे दर सेकंदाला एक लाट, किंवा त्याच्या जरा मागेपुढे. या हौदाला नेमकं तेवढंच हवं. ऐंशी पट लहान केलेल्या समुद्रात वेळ ऐंशीच्या वर्गमुळाइतकाच, म्हणजे साधारण नऊ पट लहान होतो. म्हणून आठ-नऊ सेकंदांची लाट एका सेकंदाची होते. वेग कमीजास्त करायला स्पीड कंट्रोलर, ३५०. मोटरच्या दांड्यावर पट्टी, पट्टीला अंतराअंतरावर भोकं. फळीला जोडणारी सळई ज्या भोकात घालाल त्यावर लाटेची उंची ठरते.

बिजागऱ्या फळीला खालून लावल्या, हौदाच्या तळाशी. दारासारखी ती मागेपुढे हलली पाहिजे.

३ डिसेंबर

खालच्या बिजागऱ्या गेल्या. पाण्यात गंज, गंजात वाळू. फळी करकरत अडकली, मोटर तशीच फिरत राहिली आणि सळई वाकली.

गावातल्या वेल्डिंगवाल्या भाऊंनी बघितलं आणि म्हणाले, "सर, पाळणा जमिनीला बांधता का तुम्ही?" दोन्ही विटांच्या भिंतींवर उभी राहणारी लोखंडी चौकट त्यांनी करून दिली आणि फळी वरून टांगली. बिजागऱ्या कोरड्या राहिल्या. लोखंड आणि मजुरी मिळून ८५०, नव्या बिजागऱ्या १८०. फळी आणि बाजूच्या भिंती यांत बोटभर फट ठेवा. घासली की लाट तिरकी उठते.

६ डिसेंबर

पहिल्यांदा लाटा सुरू केल्या. सगळा वर्ग शेडमागे. मी सांगून ठेवलं होतं की मोठ्या लाटेने किनारा कापला जाईल. कंट्रोलर पूर्ण फिरवला.

किनारा कापला गेला नाही. उलट वाळू वर चढायला लागली. लाट येते, जाडे दाणे वर ढकलते, परतणारं पाणी वाळूत मुरून जातं, दाणे तिथेच. अर्ध्या तासात पाण्याच्या रेषेवर छानपैकी वरंबा तयार. पोरं म्हणाली, सर, समुद्र मागे सरकतोय. बरोबरच होतं त्यांचं.

कारण दुपारी उमगलं. समुद्र ऐंशी पट लहान केला, पण दाणा तेवढाच राहिला. तीन-चार सेंटिमीटरच्या लाटेला गिरणेचा जाडा दाणा म्हणजे गोटाच. तो पाण्यात तरंगतच नाही. लाट त्याला उचलते आणि ती मागे फिरायच्या आत तो खाली बसलेला असतो. किनाऱ्यावरून वाळू आत ओढून न्यायची तर दाणा लाटेच्या एका हेलकाव्यापुरता तरी पाण्यात तरंगला पाहिजे. दाणाही ऐंशी पट बारीक करावा म्हटलं तर त्याचा गाळ होतो, आणि गाळ चिकटून बसतो. मधला मार्ग बारीक वाळू. म्हणून आकडे काढून "खऱ्या समुद्रात इतके मीटर" असं या हौदावरून कधी सांगू नका. काय होतं ते दिसतं, किती होतं ते नाही.

१० डिसेंबर

गिलाव्याची चाळणी घेऊन सगळी वाळू चाळली. तरी जाडी वाटली, म्हणून रव्याच्या चाळणीतून. मुलींनी घरून आणल्या, आया ओरडल्या. हाताशी आली ती पिठीसाखरेपेक्षा जरा भरड. मूळ ढिगातली निम्म्याहून जास्त वाळू बाद झाली, परत थोडी आणावी लागली.

मग धुणं. आपल्याकडच्या वाळूत काळ्या मातीचा अंश असतोच. न धुता भरली तर हौदात चहा होतो आणि तळ दिसत नाही. घमेल्यात पाणी घालून ढवळायचं, गढूळ पाणी ओतायचं, निवळ येईपर्यंत. या कामात जितका वेळ गेला तितका बाकी कशातच गेला नाही. उरलेल्या गढूळपणावर तुरटी फिरवली, रात्रीत पाणी निवळलं.

१३ डिसेंबर

बारीक वाळू चालली. पण आता लाटांचा गोंधळ. फळीच्या मागच्या बाजूलाही लाटा उठतात, विटांवर आपटून परत येतात आणि पुढच्या लाटेत मिसळतात. किनाऱ्यावर एक मोठी, एक लहान, मग काहीच नाही.

केळीचं सोपट भरून पाहिलं, आमच्याकडे त्याला तोटा नाही. लाट छान शोषली. थोड्याच दिवसांत असा वास सुटला की खिचडीवाल्या मावशींनी मला बोलावून घेतलं.

कूलरचं गवत लावलं, नवं, २४० रुपयांचं. जाळीत भरून फळीमागे उभं केलं. लाट आत जाते आणि तिथेच मरते. पहिले दोन दिवस पाणी पिवळं होतं, ते बदलून टाकायचं.

१८ डिसेंबर

आज जे हवं होतं ते दिसलं.

आधी जोरात. लाटा तोकड्या, उंच, एका सेकंदाच्या आत एक. पाण्याच्या रेषेवर उभा कडा तुटला, अंगठ्याएवढा. वाळू आत गेली आणि लाटा जिथे फुटत होत्या तिथे पाण्याखाली आडवा दांडा झाला. दांडा उंच झाल्यावर लाटा त्यावरच फुटायला लागल्या आणि किनाऱ्याचं कापणं मंदावलं. किनाऱ्याने स्वतःचीच वाळू पुढे टाकून लाटा अडवल्या.

मग भोक बदललं, वेग निम्म्यावर आणला. बुटक्या, लांब, संथ लाटा. दांडा हळूहळू किनाऱ्याकडे सरकायला लागला. कापायला अर्धा तास लागला होता. भरून यायला दुपार गेली आणि तरी पूर्ण भरला नाही.

कोकणात दर वर्षी हेच चालतं. पावसाळ्यात पुळण उतरते, सुरूच्या झाडांची मुळं उघडी पडतात, आणि दिवाळीनंतर समुद्र वाळू परत आणून टाकतो. म्हणून जुलैमधल्या एका फोटोवरून किनारा गेला म्हणणं घाईचं. पुढच्या मार्चमध्ये त्याच जागी उभं राहून बघायला हवं. परत न येणारी वाळू, ती खरी धूप.

एक अडचण. ट्रॅक्टरची बॅटरी वापरतोय. ती उतरायला लागली की मोटर मंदावते आणि आपल्याला वाटतं वाळूच वेगळं वागतेय. सुरू करताना आणि दर पंधरा मिनिटांनी एका मिनिटातल्या लाटा मोजून लिहा. आमच्या आधीच्या दोन दुपारच्या नोंदी यामुळे बाद.

६ जानेवारी

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन. विटांचा हौद उचलून नेता येत नाही हे अर्ज भरल्यावर लक्षात आलं. मोबाइलवर व्हिडिओ लावून बसलो. परीक्षक दोन मिनिटं थांबले.

बोर्डवर पोरांनी देशाचे आकडे लिहिले होते. चेन्नईच्या राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या उपग्रह चित्रांवरून मुख्य भूमीचा ६,९०७ किलोमीटर किनारा तपासला. ३३.६ टक्के किनाऱ्याची धूप, २६.९ टक्के किनाऱ्यावर भर, बाकीचा साधारण स्थिर. लोक पहिला आकडा वाचून पुढे जातात. माझ्या वर्गातल्या एका मुलीने दुसरा धरला. म्हणाली, एवढी भर कुठून आली? इकडचीच तिकडे गेली ना? पुढचं सगळं काम त्या प्रश्नावर केलं.

१२ जानेवारी

किनारा मोडून तिरका बांधला, फळीशी साधारण १५ अंशांचा कोन. समुद्रात लाटा किनाऱ्याला क्वचितच सरळ भिडतात. तिरकी लाट दाण्याला तिरकं वर नेते, उतरताना पाणी त्याला सरळ खाली आणतं. असं करत दाणा किनाऱ्याच्या कडेने चालत जातो.

ते दिसावं म्हणून दिवाळीची उरलेली लाल रांगोळी टाकली. पाच मिनिटांत समुद्र गुलाबी. पाणी सगळं उपसलं, निंबाला घातलं. मग वीट फोडून तिचा भुगा त्याच रव्याच्या चाळणीतून चाळला आणि धुतला. रंग सुटत नाही. विटेचा दाणा वाळूपेक्षा जरा हलका, थोडा पुढे पळतो, पण दिशा कळायला पुरे. मूठभर भुगा डाव्या टोकाला टाकला. मधल्या सुट्टीनंतर तो उजव्या भिंतीशी जमलेला होता.

१६ जानेवारी

बंद हौदात ही वाळू उजव्या कोपऱ्यात साचत राहते आणि डावा कोपरा उघडा पडतो. खऱ्या किनाऱ्याला अशी भिंत नसते. म्हणून उजव्या टोकाला पत्र्याचा ट्रे पुरला. त्यात पडलेली वाळू दर दहा मिनिटांनी काढायची आणि डाव्या टोकाला मगाने परत टाकायची. एका पोराला तेच काम. नदीसारखी वाळू आणून टाकतो म्हणून वर्गाने त्याचं नाव तापी ठेवलं.

वाळू मोजायला वजनकाटा आणला होता. ओली वाळू कधी किती पाणी धरेल याचा नेम नाही, आकडे काहीच्या काही आले. आता मगात पाण्याखालीच वाळू बसू देतो, दोनदा टिचकी मारतो आणि रेघ वाचतो. हे जमतं.

२२ जानेवारी

धक्का-बंधारा. शहाबादी फरशीची पट्टी किनाऱ्यापासून पाण्यात आडवी उभी केली, हातभर. मगाने वाळू टाकणं चालूच.

तासाभरात पट्टीच्या डाव्या अंगाला वाळू साचली आणि किनारा वीतभर पुढे आला. उजव्या अंगाला किनारा आत कापला गेला, जवळपास तेवढाच. पट्टीच्या अगदी कुशीत सगळ्यात जास्त.

शाळेच्या बांधावरून जाणारे एक आबा थांबले होते. "हाई काय शे, सर?" मी सांगायला लागलो तर त्यांनी हातानेच थांबवलं. वरच्याने काठाला दगड टाकले की खालच्याचं शेत जातं, आमच्या नदीला हे काय नवीन आहे, म्हणाले. नंतर पोरांना त्यांनी कोणाच्या शेताचा काठ कोणत्या पुरात गेला ते नाव-गावासकट सांगितलं. त्या दहा मिनिटांत पोरांना जे कळलं, ते माझ्या तासाला कळलं नव्हतं.

मी चेन्नईचं सांगितलं. तिथल्या किनाऱ्यावर वर्षभराचा हिशेब केला तर वाळू उत्तरेकडे चालते. बंदराचं काम १८७५ च्या सुमाराला सुरू झालं, समुद्रात भिंती गेल्या. दक्षिणेला वाळू अडून मरीनाची पुळण रुंदावत गेली. उत्तरेला रोयापुरमकडे समुद्र आत शिरला आणि तिथे दगड टाकत बसावं लागलं. मरीनावर फोटो काढणाऱ्याला रोयापुरम दिसत नाही. पुदुच्चेरीला तेच झालं, १९८० च्या दशकाच्या शेवटी बंदराच्या भिंती झाल्या आणि उत्तरेकडची, गावासमोरची पुळण गेली.

पोरांनी उजव्या बाजूचं कापणं थांबवायला तिथे दुसरी पट्टी लावली. कापणं तिच्या उजवीकडे सरकलं. मग तिसरी. शेवटी कापणं ट्रेपर्यंत पोहोचलं आणि पट्ट्या संपल्या. हे मी सुचवलं नव्हतं. त्यांना करू दिलं.

३० जानेवारी

पट्ट्या काढल्या, किनारा नीट केला, आणि "तापी"ला घरी पाठवलं. म्हणजे लाटा त्याच, वाळू टाकणं बंद.

आधी काहीच झालं नाही. मग डावं टोक आत जायला लागलं आणि कापणं तिथून उजवीकडे पसरत गेलं. कडेला मुरमावरचा काळा कागद उघडा पडला. उजवं टोक बराच वेळ जसंच्या तसं होतं. तिथे घर असणाऱ्याला वाटलं असतं, आपलं बरं आहे.

इथे खान्देश आणि समुद्र एकमेकांना भेटतात. मुलताईहून निघालेली तापी ७२४ किलोमीटर वाहून डुमसजवळ समुद्राला मिळते, गिरणा तिला आपल्याच जिल्ह्यात मिळते. आपल्या नद्यांच्या वाळूची वाट पूर्वी तिथपर्यंत मोकळी होती. आता गिरणेवर नांदगाव तालुक्यात धरण, तापीवर भुसावळजवळ हतनूर, पुढे गुजरातेत १९७२ चं उकाई. धरणाच्या शांत पाण्यात वाळू खाली बसते, भिंतीपलीकडे जातं ते बहुतेक पाणी आणि बारीक गाळ. धरण नको असं मी वर्गात म्हणालो नाही. आमची केळी त्याच पाण्यावर आहे.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, वाळूचे डंपर पण धरा ना." धरले. मगाने टाकायची वाळू निम्मी केली. किनारा गेलाच, फक्त उशिरा.

८ फेब्रुवारी

उभी भिंत. कोकणात धूपप्रतिबंधक बंधारे दगडाचे, उतरते असतात. आम्ही आधी मुद्दाम फरशी सरळ उभी केली, किनाऱ्याला लागून, पाण्याच्या रेषेवर.

भिंतीमागचं सगळं वाचलं. भिंतीपुढची वाळू गेली. लाट भिंतीवर आपटून परत फिरते आणि पायथ्याची वाळू उकरते. भिंतीखालून बोट घालता येईल एवढी पोकळी झाली आणि संध्याकाळी एक फरशी पुढे झुकून पडली. भिंतीच्या दोन्ही टोकांना किनारा आत कापला.

मग गिट्टीचा उतरता ढीग केला. लाट दगडांच्या फटीत शिरून मोडते, उकरणं खूप कमी. मरीन ड्राइव्हवर चार पायांचे टेट्रापॉड टाकलेत ते याचसाठी, एकमेकांत अडकतात आणि मध्ये पोकळी राहते. पण पुळण यानेही परत आली नाही. गिट्टी मागचा रस्ता वाचवते. पुढची वाळू वाचवायचं काम तिचं नाही, आणि गावकऱ्यांना बहुतेक वेळा दोन्ही हवं असतं.

१५ फेब्रुवारी

पुदुच्चेरीत २०१८ साली चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा बुडालेला बांध घातला आणि त्याच्या आडोशाला पुळण परत धरली. आम्ही गिट्टीची रास पाण्याखाली, किनाऱ्यापासून हातभर आत केली. माथा पाण्याखाली दोन बोटं. पहिल्यांदा काहीच नाही, लाटा वरून निघून गेल्या. माथा एका बोटावर आणला तेव्हा लाटा त्यावर फुटल्या आणि मागे वाळूचं टोक पुढे आलं. उजवीकडे थोडं कापलं गेलंच, पण पट्टीपेक्षा कमी. वाळू टाकणं बंद केलं की टोकही विरलं.

१८ मार्च

गेला आठवडा वाया. रोज सकाळी किनाऱ्याचा फोटो काढतो, शिडीला बांधलेल्या मोबाइलने, एकाच जागेवरून. खाली दोऱ्यांची चौकट, दर वीतभर एक. फोटोंत किनारा रोज पुढे सरकलेला. लाटा चालू नसतानाही.

पाणी उडत होतं. आमच्याकडचा मार्च, दुपारी ४० च्या वर. दिवसाला जवळपास एक सेंटिमीटर पातळी उतरते. उतार दहाला एक, म्हणजे पाणी एक सेंटिमीटर उतरलं की रेषा दहा सेंटिमीटर लांब जाते. डिसेंबरात हे जाणवलं नाही. आता फळीजवळ मोजपट्टी चिकटवली आहे आणि फोटो काढण्याआधी खुणेपर्यंत पाणी भरतो.

२४ मार्च

तोच घोळ मग मुद्दाम उलटा करून पाहिला. पाणी एक सेंटिमीटर वाढवलं. रेषा लगेच दहा सेंटिमीटर आत आली, हे गणिताप्रमाणे. लाटा सुरू केल्यावर ती तिथे थांबली नाही. वरचा कडा तुटला, ती वाळू खोल पाण्यात जाऊन बसली आणि किनारा आणखी तीन-चार बोटं मागे गेला. पाणी चढलं की तळही चढायला बघतो आणि त्यासाठी लागणारी वाळू किनाऱ्यातूनच घेतो.

डेन्मार्कचा अभियंता पेर ब्रून याने १९६२ मध्ये हाच ठोकताळा मांडला. वाळूच्या किनाऱ्यावर समुद्र जेवढा चढेल त्याच्या साधारण ५० ते १०० पट किनारा मागे जातो, कारण खरा किनारा आमच्या हौदापेक्षा खूप सपाट असतो. वाळू किनाऱ्याच्या कडेने येत-जात असेल तर हा हिशेब चुकतो, यावर तज्ज्ञांत वाद आहेत. आमच्या हौदातही तिरका किनारा ठेवून केलं तेव्हा तो जुळला नाही. सरळ किनाऱ्यावर करा.

२० एप्रिल

परीक्षा झाल्या, हौद मोडला. पाणी निंबांना. विटा मोजून परत, चार फुटल्या होत्या, त्यांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. कागद धुऊन, वाळवून गुंडाळला. उंदरांपासून लांब ठेवा.

खर्च : काटा काढून कागद सांधणं ३००, वाळू ९००, प्लाय ७००, मोटर ६००, कंट्रोलर ३५०, लोखंड आणि मजुरी ८५०, बिजागऱ्या १८०, कूलरचं गवत २४०. एकूण ४,१२० रुपये. यात सोल्युशन, सिलिकॉन आणि दुसऱ्यांदा आणलेली थोडी वाळू धरलेली नाही. बॅटरी आणि विटा उसन्या. सगळं नवं घ्यायचं तर दुप्पट धरा.

परत केला तर दोन गोष्टी बदलेन. रुंदी आठ फूट ठेवेन, कारण सहा फुटांत तीन पट्ट्या लावल्या की जागाच उरत नाही. आणि काम पाऊस संपल्या संपल्या सुरू करेन, म्हणजे पातळीचा घोळ यायच्या आत सगळं उरकेल.

फळी, चौकट आणि मोटर चोपडा तालुक्यातल्या एका शाळेने मागून नेली. लाटेच्या उंचीसाठी कोणतं भोक वापरायचं ते मोटरच्या पट्टीवर रंगाने लिहून दिलंय. वाळू दिली नाही, तापी त्यांच्या दारात आहे. रव्याची चाळणी मात्र सोबत दिली.